आक्कांच्या केकवरचं फडकं

पाडवेलमध्ये माणूस गेला तरी त्याने केलेला शेवटचा केक जोवर ओला आहे, तोवर नगरपालिका त्याला मयत धरत नाही.

नियम जुना आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बहुतेकांचं चार दिवसांत आटोपतं. पोस्टातल्या गद्र्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं एक रव्याचा केक केला होता. तो मुळातच असा कोरडा की तपासणीला आलेल्या माणसाची सुई वाकली आणि गद्र्यांचं सगळं त्याच दुपारी उरकलं. ज्यांनी जन्मात केक केला नाही, त्यांच्या बाबतीत डॉक्टर म्हणेल तेच खरं. गावातले पुरुष ओव्हनच्या वाटेला जात नाहीत ते याच कारणानं, असं ते सांगतात. बायका ऐकून घेतात.

आक्का टिपणिसांचं मात्र सहावं वर्ष सरत आलं तरी आटोपेना.

आक्का म्हणजे मनोरमाबाई, कुंदाच्या सासूबाई. त्यांच्या केकचं नाव पंचक्रोशीत होतं. दह्यात सोडा फुलवायचा, मैदा तीनदा चाळायचा, दूध कोमट करून घ्यायचं, आणि लोणी-साखर इतकी फेटायची की फेटणाऱ्याचा खांदा निखळून हातात यावा. खांदा अर्थात कुंदाचा. चाळणं, फेटणं, भांड्याला तुपाचं बोट फिरवणं हे सगळं कुंदाने करायचं आणि ओव्हनचं बटण तेवढं आक्कांनी दाबायचं. बटण दाबणाऱ्याचा केक, हे पाडवेलमध्ये शेंबडं पोरही सांगेल. अशी अठ्ठावीस वर्षं गेली. कुंदाच्या हातचे शेकड्यांनी केक लोकांनी खाल्ले आणि आक्कांचं कौतुक केलं. कुंदाच्या नावावर एकही केक नाही.

त्या डिसेंबरातल्या बुधवारी संध्याकाळी ठाण्याचे पाहुणे यायचे होते. केक सकाळीच झाला. अकराच्या सुमाराला आक्कांच्या छातीत दुखायला लागलं, कुंदाचा नवरा दिनकर रिक्षा घेऊन आला, आणि दाराबाहेर पडता पडता आक्का वळून म्हणाल्या, "कुंदा, केकवर ओलं फडकं घाल. ते कोरडं होऊ देऊ नकोस हं." दोन वाजता दवाखान्यातून निरोप आला. पाहुणे आले ते भेटायलाच आले. अशा वेळी गोडाला कोण हात लावतो? चौथ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस आला, त्याने सुई घातली, सुई ओली आली, आणि केकच्या थाळीखाली शिक्का मारलेली चिठ्ठी सरकवून तो निघून गेला. तेव्हापासून केक ओट्याच्या कोपऱ्यात जाळीखाली आहे. रोज पाच वाजता कुंदा फडकं ओलं करते, पिळते, घालते.

सासू गेली ठीक झालं, घरदार हाती आलं, ही म्हण पाडवेलमध्ये चालत नाही. ओटा आक्कांच्या नावावर तो आक्कांच्याच नावावर राहिला. सोमवारी पडवळ, बुधवारी कालवण, शुक्रवारी भेंडी चिरायची ती लांबट. डब्यात मोहरी उजवीकडे आणि हळद मधोमध. यातलं काही बदलायचं तर ओट्याच्या मालकिणीची परवानगी लागते, आणि मालकीण जाळीखाली. कुंदा अठ्ठावन्न वर्षांची झाली, गुडघे बोलायला लागले, केस निम्मे गेले, आणि कागदोपत्री ती अजून 'हाताखालची' होती. बाजारात बायका विचारायच्या, "आक्का कशा आहेत?" कुंदा म्हणायची, "ओल्या आहेत." मग त्या म्हणायच्या, "देवाची कृपा हो," आणि कोथिंबिरीकडे वळायच्या.

बहिणीच्या मुलाचं लग्न नागपूरला झालं, तेव्हा बहिणीनं फोनवर विचारलं होतं, "दोन दिवस फडकं नाही ओलं केलं तर काय होईल गं?" कुंदा म्हणाली, "आक्कांनी सांगितलंय." "बरं," बहीण म्हणाली. तिच्या घरचंही थोड्याफार फरकाने तसंच होतं. कुंदा लग्नाला गेली नाही.

ती दमली होती. हा शब्द ती कुणापाशी बोलत नसे, कारण दमलेल्या माणसाला लोक 'जरा पड' असं सांगतात आणि पाच वाजता उठवतात.

सहाव्या वर्षाच्या ऑक्टोबरात ओलावा निरीक्षक सावरडेकर तिमाही तपासणीला आले. हा भला माणूस होता. चपला दाराबाहेर काढायचा, हात धुवायचा, मग खिशातल्या डबीतून सुई काढायचा. त्यांनी जाळी उचलली, फडकं बाजूला केलं, केकच्या बरोबर मध्यावर सुई घातली, मनात वीसपर्यंत मोजलं आणि बाहेर काढून उजेडात धरली.

"ओली आहे," ते म्हणाले. "मागच्या खेपेपेक्षा अंमळ जास्तच."

"हवाच तशी होती," कुंदा म्हणाली. तिने चहा टाकला.

सावरडेकरांनी 'हयात, समाधानकारक' असं लिहिलं. मग पिशवीतून एक पिवळा कागद काढला. "यंदा नवा नमुना आलाय, वहिनी. दोनच रकाने वाढलेत. पहिला, फडकं कोण ओलं करतं?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"आक्कांच्या."

"थांबवावं असं कधी मनात आलं का? हो किंवा नाही."

"त्यांनी सांगितलेलं मोडायचं कसं? त्या आहेत ना अजून."

सावरडेकरांनी पेन थांबवलं. "पण वहिनी, त्या आहेत त्या फडक्यामुळे."

"आणि फडकं आहे ते त्यांच्यामुळे."

सावरडेकरांनी कप उचलला. चहाचे दोन घोट घेतले. "बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "यात कुठे चूक दिसत नाही." आणि तसं त्यांनी लिहून घेतलं.

"दुसरा रकाना. तुमच्यानंतर फडकं कोण ओलं करणार?"

कुंदाला हा प्रश्न नवा होता. तिने आपल्या नंतरचा विचार कधी केला नव्हता, कारण आपल्या आधीचंच अजून संपलं नव्हतं. ती उत्तर जुळवत होती तेवढ्यात पोळ्या लाटत बसलेली ऋजुता म्हणाली, "माझं लिहा ना. ऋजुता नचिकेत टिपणीस."

ऋजुता ही कुंदाची सून. लग्न होऊन आठ महिने झाले होते. नचिकेत पुण्याला नोकरीला, रविवारी यायचा. तीही पुण्यातच काम शोधत होती आणि तोवर इथे होती. कागदावर ती 'हाताखालचीच्या हाताखालची'. पोर हसतमुख, कामाला वाघ. तिने पोळी उलटता उलटता आपलं नाव सांगितलं, जसं कुणी दुधाची पिशवी जास्तीची घ्यायला सांगावं.

कुंदाने तिच्याकडे बघितलं. चोविसाव्या वर्षी याच ओट्यापाशी उभं राहून आपणही असंच 'मी करते ना' म्हटलं होतं, हे तिला आठवलं, आणि पोरीचं वाईट वाटलं. स्वतःचं तिला एवढं वाटलं नव्हतं. स्वतःचं तिने पचवलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "तो रकाना कोरा ठेवा."

"कोरा ठेवता येत नाही."

"मग काय करावं लागेल?"

सावरडेकरांनी कागद उलटून मागचा बारीक मजकूर वाचला. "सूचनेवर हरकत घ्यावी लागेल. सुनावणी होते. सूचना नेमक्या कोणत्या शब्दांत दिली, तिला मुदत होती का, आणि ऐकणारं दुसरं कुणी होतं का, एवढंच बघतात. होतं कुणी?"

कुंदाने बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. तिथे दिनकर पेपर वाचत बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सकाळचा पेपर दुपारपर्यंत पुरवत. पानं उलटल्याचा आवाज गेला काही वेळ आला नव्हता.

"होतं," कुंदा म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस घरातलं सगळं रोजच्यासारखं चाललं. सोमवारी पडवळ झालं, शुक्रवारी भेंडी झाली. एकदा रात्रीच्या जेवणाला दिनकर म्हणाले, "कशाला उगाच कचेरीची पायरी?" कुंदा म्हणाली, "ताक घ्या." विषय तिथेच राहिला.

सुनावणी नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, ओलावा नोंदणी कक्षात होती. आधी एका म्हाताऱ्या गृहस्थांचं प्रकरण निघालं. त्यांच्या भावजयीचा केक उंदरांनी खाल्ला होता आणि तिची हयात आता कुणाकडे वर्ग करायची, हा प्रश्न होता. ते पुढच्या तारखेवर गेलं. मग अधिकारी नाफडे मॅडमनी टिपणिसांची फाइल ओढली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज घसा बसल्यासारखा. त्याही दमलेल्या दिसत होत्या. कुंदाला बरं वाटलं.

"सूचना सांगा," मॅडम म्हणाल्या. "आहे तशी. मनाचं काही घालू नका."

कुंदाने सांगितली. "केकवर ओलं फडकं घाल. ते कोरडं होऊ देऊ नकोस हं."

"शेवटी 'हं' होतं?"

"होतं."

"'हं' लिहा," मॅडमनी कारकुनाला सांगितलं. "कधीपर्यंत, ते सांगितलं होतं?"

"नाही. मी दवाखान्याची फाइल आणायला आत पळाले. बाहेर आले तोवर रिक्षा निघाली होती."

"म्हणजे तुमच्यापुरती सूचना बेमुदत. बसा. साक्षीदार?"

दिनकर उभे राहिले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वरचं बटण सुटलं होतं आणि ते तेच चाचपत होते.

"रिक्षात त्यांच्याबरोबर तुम्ही होतात?"

"होतो."

"त्या काही बोलल्या?"

दिनकर पुन्हा बटण चाचपायला लागले. भिंतीवरचा पंखा एक फेरी पुरी करून परत फिरला. कारकुनाने पेन उचलून धरलं होतं.

"टिपणीस, इथे विचारलं की सांगावं लागतं," मॅडम म्हणाल्या.

"बोलल्या," दिनकर म्हणाले. "बाजारपेठेच्या वळणावर. म्हणाल्या, 'कुंदाला सांग, फडकं संध्याकाळपर्यंतच ठेव म्हणावं. फार ओला झाला तर लगदा होईल.'"

"अजून?"

"अजून म्हणाल्या..." त्यांनी कुंदाकडे बघितलं नाही. "म्हणाल्या, 'माझ्याने आता हे उभ्यानं व्हायचं नाही. उद्यापासून बटण तिलाच दाबू दे.'"

कारकुनाचं पेन कागदावर चालत होतं. कुंदा बाकावर बसली होती. हातातली पिशवी तिने मांडीवर घेतली, मग खाली ठेवली, मग परत मांडीवर घेतली. अठ्ठावीस वर्षं तिने ज्या एका वाक्याची वाट बघितली, ते म्हणून झालं होतं. बाजारपेठेच्या वळणावर, रिक्षात, आणि ते ऐकणारा माणूस सहा वर्षं रोज तिच्या हातचं जेवत होता.

"साक्षीदाराने माहिती का दडवली, असा एक रकाना आहे," नाफडे मॅडम म्हणाल्या.

"मला कुणी विचारलं नाही."

"ते कारण चालतं. पण खरं तेच का?"

दिनकरांनी बटण सोडलं. "मी सांगितलं असतं तर फडकं थांबलं असतं," ते म्हणाले. "चार दिवसांत ती गेली असती. आत्ता कसं, सकाळी उठून ओट्याशी गेलं की ती असते. मला वाटलं, राहू दे. फडक्याला काय, दोन मिनिटं लागतात."

"दोन मिनिटं," कुंदा म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. ती एवढंच बोलली. चिडायलाही अंगात जोर लागतो.

मॅडमनी निकाल तिथल्या तिथे सांगितला. मूळ सूचनेची मुदत त्या बुधवारी संध्याकाळीच संपली होती. त्यानंतरचा सगळा ओलावा विनापरवाना धरण्यात येत आहे. यापुढे केकला पाणी, दूध, पाक किंवा ओलं फडकं लावू नये. तो आपल्या गतीने वाळू द्यावा. सुई कोरडी येईल त्या दिवशी मनोरमा टिपणीस यांना मयत धरावं आणि ओटा हाताखालचीच्या नावे करावा. आणि सौ. कुंदा टिपणीस यांना सहा वर्षांच्या विनापरवाना ओलाव्याबद्दल सक्त समज देण्यात येत आहे.

"इथे सही करा," कारकून म्हणाला. "समज मिळाली म्हणून."

कुंदाने सही केली. कागदाची तिची प्रत तिने घडी घालून पिशवीत ठेवली.

घरी येताना दोघं चालतच आली. पुलावर दिनकर म्हणाले, "तुला वाईट वाटलं का गं?"

"वाईट वाटलंच," कुंदा म्हणाली. "पण आत्ता नाही बोलता येत मला. मी फार दमलेय हो. तुम्ही मला निदान ते एक वाक्य तरी द्यायचं होतं. फडकं मी तरीही ओलं केलं असतं."

दिनकर चालता चालता थांबले. मग परत चालायला लागले. त्यांना हे कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून केक वाळायला लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसा तो दोन दिवस बधला नाही. वरून कोरडा आणि आतून तोच. शेजारपाजारची माणसं भेटायला यायला लागली. आली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहायची आणि आवाज खाली आणून विचारायची, "कसं आहे?" ऋजुता सांगायची, "कडा सुटल्यात. मधे अजून जरा आहेत." माणसं मान हलवायची. समोरच्या गुप्तेकाकूंनी खिमट करून आणलं, घरात चूल पेटली नसेल या समजुतीने. एक बाई रडल्या. त्यांना आक्कांनी कधीतरी अर्धा केक बांधून दिला होता.

पाच वाजले की कुंदाचे हात आपोआप नळाकडे जायचे. मग ती ते पदरात गुंडाळून बसायची. सोपं नव्हतं. आक्कांनी तिला छळलं होतं असंही नाही. तापात कपाळावर हात ठेवायच्या. नचिकेतच्या वेळी चाळीस दिवस तिला पाण्यात हात घालू दिला नव्हता. फक्त बटण तेवढं सोडलं नाही, आणि सोडलं तेव्हा उशीर झाला होता.

चौथ्या दिवशी दुपारची झोप लागेना म्हणून ती स्वयंपाकघरात आली, तर दिनकर ओट्यापाशी उभे होते. जाळी बाजूला काढलेली. हातात ओलं फडकं. धरण्याची रीतही त्यांना ठाऊक नव्हती. पाणी थेंब थेंब पायावर गळत होतं. सहा वर्षांत त्यांनी या फडक्याला प्रथमच हात लावला होता.

"एकच दिवस," ते म्हणाले. "उद्या रविवार आहे. नचिकेत यायचाय. त्याला भेटू दे."

कुंदाने पुढे होऊन त्यांच्या हातातून फडकं घेतलं. दिनकरांनी ते सोडलं, पण एकदम नाही. तिने ते मोरीवर नेऊन घट्ट पिळलं, झटकलं आणि मागच्या दारी दोरीवर वाळत घातलं. चिमटाही लावला. परत आली तेव्हा ते तिथेच उभे होते, आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा नाक ओढत होता. तिने स्टूल पुढे केलं. ते बसले. तीही शेजारी पाटावर बसली. दोघं केककडे बघत बसली. कडेचा एक बारीक तुकडा आपसूक सुटून थाळीत पडला.

"ती म्हणाली होती तसं," दिनकर म्हणाले. "'उद्यापासून तिलाच दाबू दे.' खरंच म्हणाली होती. मी मनाचं नाही घातलं."

"माहीत आहे," कुंदा म्हणाली. "'लगदा होईल' हे त्यांच्याशिवाय कुणाला सुचणार?"

रविवारी सकाळी नचिकेत आला, आल्या आल्या आजीला नमस्कार केला. दुपारी सावरडेकर आले. रविवार असूनही आले, कारण अशा वेळी माणसं सवड काढतात. सुई घातली, वीस मोजले, काढली. सुई चकचकीत, भुगा देखील नव्हता. त्यांनी टोपी काढली. दिनकरांनी घड्याळ बघून वेळ सांगितली आणि सावरडेकरांनी ती लिहून घेतली. केक नदीत सोडला. पुढचं सगळं रीतसर झालं. तेराव्याला गावजेवण मोठं झालं, कारण सहा वर्षांत ओळखीही वाढल्या होत्या.

चौदाव्या दिवशी ओटा कुंदाच्या नावावर झाल्याचा कागद आला. ऋजुताने तो वाचून दाखवला आणि म्हणाली, "आई, आता मोहरी डावीकडे ठेवायची?" कुंदाने डब्याकडे बघून सांगितलं, "असू दे. हात बसलाय." आणि मग म्हणाली, "लोणी बाहेर काढून ठेव. उद्या केक करू."

दुसऱ्या दिवशी तिने तीनदा मैदा चाळला. दह्यात सोडा फुलवला. ऋजुता फेटायला पुढे आली तर तिला म्हणाली, "तू बस." खांदा दुखत होता, तरी पांढरं शुभ्र होईपर्यंत फेटलं. मिश्रण भांड्यात ओतलं, भांडं दोनदा ओट्यावर आपटून बुडबुडे काढले, गोल ओव्हनमध्ये ठेवलं, झाकण लावलं. आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचा पहिला केक सुरू झाला. घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दिनकर पेपर खाली ठेवून दारात येऊन उभे राहिले होते.

पस्तिसाव्या मिनिटाला वास बदलला. कुंदाने झाकण उघडून विणकामाची सुई घातली. सुईला दोन ओलसर कण चिकटून आले. नेमके दोन. एक असता तर कोरडा, तीन असते तर कच्चा. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर हा क्षण तिने पकडला होता आणि तो एकदाही चुकला नव्हता. आता काढला तर तो केक आठवडाभर तोंडात विरघळेल आणि गाव नाव घेईल, तिचं नाव. तिने सुईकडे बघितलं. मग सुई पुसली, झाकण परत लावलं, आणि बटण पुन्हा दाबलं.

"आई, झालाय की," ऋजुता म्हणाली. "वास सुटलाय."

"अजून ठेवू या वीस मिनिटं."

"वाळून जाईल ना!"

"वाळू दे."

ऋजुता गोंधळली. कुंदा स्टुलावर टेकली आणि गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, "शेवटचा कोणता, हे आधी कुणाला कळतं बाई? आक्कांना कुठे कळलं होतं? त्यांना तर दुसऱ्या दिवशी आणखी एक करून हवा होता. मी प्रत्येक असाच करणार आहे. तुला कुणी विचारलं, तर सांग सासूच्या हाताला चव नाही."

ऋजुता हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. ती खाली फरशीवर, कुंदाच्या पायाशी बसली. वीस मिनिटं दोघी लाल दिव्याकडे बघत होत्या.

चहाच्या वेळी केक कापला. सुरीखाली करकर वाजला. दिनकरांनी एक घास घेतला, जरा वेळ चावला, पाणी प्यायले. "थोडा कोरडा झालाय का?" त्यांनी विचारलं.

"हो," कुंदा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग सुनेकडे, मग बशीकडे. त्यांनी तुकडा चहात बुडवला.

ऋजुताने आपला तुकडा संपवला आणि बशी पुढे करून दुसरा मागितला. तो तिच्या घशाखाली उतरत नव्हता, हे कुंदाला स्पष्ट दिसत होतं. भुगा ओठांवर पसरला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती चावत राहिली, थांबली नाही. कुंदाने आपला चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.